अर्धी हाक

"हुर्रऽ हा!" ही आरोळी मूळ कुणाची, यावरून एकाच संघाच्या पाठीराख्यांची दोन टोळकी नाशिकच्या मैदानावर हमरीतुमरीवर आली होती. "आमच्या कॉलेजची!" "हट्, आमच्या गल्लीची!" नातीचा फुटबॉल बघायला पेठहून आलेल्या तानुबाईला हसू आवरेना. "पोरांनो, नागलीच्या पिकावरची पाखरं हाकलायची आमची हाक हाय ही. जलमभर वरडले मी." "पुरावा काय, आजी?" "मॅच संपू द्या. तुमाला अर्धीच हाक येते." नातीच्या संघानं तीन गोलांनी बाजी मारली. हरलेल्या मुली मैदानातच माना खाली घालून बसल्या. तानुबाईनं भाकरींचं गाठोडं सोडलं आणि डोंगरापल्याड पोचेल अशा आवाजात हाक घातली, "याऽ गं, याऽ!" दोन्ही टोळकी वळून बघू लागली. "पीक घरात आलं, की हाकललेल्या पाखरांना जेवाया बोलवायचं आसतं," ती म्हणाली. सगळ्यात आधी उठली ती तीन गोल खाल्लेली गोलकीपर.