जुने पत्ते

हेमांगीच्या कॉम्प्युटरवर केळीचे भाव सकाळपासून उघडत नव्हते. धुळ्याहून भावानं फोनवर सांगितलं, "डीएनएस कॅशे साफ कर. मशीन जुने पत्ते धरून बसलंय. ते विसरलं की नवे शोधेल."

तिनं कमांड दिली आणि भाव झटक्यात उघडले. चढेही होते. हेमांगी खुशीत गुणगुणत उठली.

शेतातून येताना तिचा नवरा प्रेमराज वळणावर ट्रॅक्टरचा हॉर्न वाजवायचा आणि ती चहा टाकायची. आजही हॉर्न वाजला, तिनं चहा टाकला. पण ट्रॅक्टर दारावरून तसाच पुढे गेला. मग मागे आला. पुन्हा पुढे गेला.

ती हसत ओट्यावर आली. प्रेमराजनं ट्रॅक्टर थांबवला आणि अदबीनं पत्ता विचारला, "ताई, प्रेमराजनं घर कोठे शे?"