पर्यायी विषय

"सुट्टीत एकच पुस्तक मिळेल," ग्रंथपाल रतिलालभाऊ म्हणाले. "कोणतं देऊ?"

कुंदासमोर दोन जाड पुस्तकं होती. एक प्रोग्रॅमिंगच्या भाषांचं, दुसरं प्रोसेसरच्या रचनेचं. दिवाळीनंतर यातलाच एक विषय पर्यायी म्हणून घ्यायचा होता. धुळ्याच्या कॉलेजात तिच्या वर्गातल्या बाकी सगळ्यांनी भाषांचा विषय घ्यायचं ठरवलं होतं. प्रोसेसर शिकवणारे सर मात्र म्हणाले होते, "एक विद्यार्थी आला, तरी मी शिकवीन."

प्रोसेसरचं पुस्तक तिने वाचनालयात बसून अर्धं संपवलं होतं. तरी तिने भाषांचंच जवळ ओढलं.

तिला घरी न्यायला पिंपळनेरहून आबा आले होते. तिची पिशवी धरून ते मागेच उभे होते. घरी सगळ्यांना ठाऊक होतं, कुंदाला कॉलेजात पुष्कळ मैत्रिणी आहेत. तिनेच तसं सांगितलं होतं. दर सुट्टीनंतर आई डबाभर सांजोऱ्या देताना म्हणायची, "मैत्रिनीसले बी दे." होस्टेलच्या खोलीत त्या सांजोऱ्या कुंदा एकटीच खायची, मऊ पडेपर्यंत.

"तुले कोनतं आवडस?" आबांनी विचारलं.

तिने प्रोसेसरच्या पुस्तकावर बोट ठेवलं.

"मंग तेच ले ना."

"तो विषय कोनीच लेस नई, आबा." तिचा आवाज खाली गेला. "वर्गमा मी एकलीच राहसू."

दुपारच्या एसटीने आबा आले असतील, असं ती धरून चालली होती. आज सकाळी तासाला ती शेवटच्या बाकावर एकटीच होती. मधल्या सुट्टीत मुली घोळक्याने कॅन्टीनकडे गेल्या, तेव्हा ती पायऱ्यांवर डबा उघडून बसली होती. कुणी थांबलं नव्हतं, कुणी हाक मारली नव्हती. रोजच्यासारखाच दिवस होता.

आबांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"मी सकायलेच येल शे, बेटा," बाहेर पायऱ्यांसमोरच्या कडुनिंबाकडे बोट करत ते हळूच म्हणाले. "तठे लिंबनाखाले बठेल व्हतू. आते तरी कोन शे तुनासंगे?"

सकाळपासून! कुंदाला पायऱ्यांवरचा तो डबा आठवला. भाषांचं पुस्तक तिने रतिलालभाऊंकडे परत सरकवलं.