आखाजीचा मुऱ्हाळी

शेवंताबाईने आपलं गाठोडं माहेरी, पहूरला जाणाऱ्या छोट्या गाडीच्या बाकावर टेकवलं. धाकट्या भावाच्या हातातली बॅग मात्र तिने खाली फलाटावरच ठेवायला लावली.

"हिलाल, तुही बोट कव्हा हाये?" तिने विचारलं.

पाचोरा स्टेशनवर ऊन मी म्हणत होतं. हिलालने उगाच इंजिनाकडे पाहिलं. "दुसरी भेटंल, अक्का. पुढच्या महिन्यात."

"मी इचारलं ते सांग."

"उद्या सकाळी मुंबईले हजर व्हायचं हाये. तार आली होती." मग मान खाली घालून तो पुटपुटला, "पहिल्याच बोटीले गेलो नाही त कंपनी परत बोलवत नाही."

बारावीनंतर हिलाल मुंबईला जाऊन जहाजावरचं काम शिकला होता. समुद्र फक्त नकाशात पाहिलेलं पोर कॅडेट झालं होतं. आता बोटीवर उमेदवारी, मग परीक्षा, मग ऑफिसर. हे समजावून सांगता सांगता तो थकला, पण गाव त्याला खलाशीच म्हणत राहिलं. आईने, तानुबाईने, मुंबई कशीबशी सोसली होती. मुंबईला रेल्वे जाते, मन झालं की पोर परत येतं. पण बोट परदेशी जाणार, हे तिला सोसेना. नवरा वारलेला, घरात हा एकुलता एक पोरगा. तिने रडारड केली नाही. एवढंच म्हणाली, "आधी बहिणीले आखाजीले घेऊन ये, मंग जाय."

आता याला नाही कोण म्हणणार? आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, झोके खेळतात, आणि न्यायला माहेरचा माणूस, मुऱ्हाळी, आल्याशिवाय सासरचे त्यांना उंबरा ओलांडू देत नाहीत. शेवंताबाईचा मुऱ्हाळी एकच, हिलाल. तिची सासू तिला सोडायची तीही आखाजीपुरतीच. शिवाय मुऱ्हाळी दारी आला की त्याला मुक्कामी ठेवून, गोडधोड खाऊ घालूनच वाटेला लावायची रीत. तानुबाईला हे सगळं पक्कं ठाऊक होतं. पोरगा बहिणीला घेऊन पहूरला पोचेपर्यंत बोट गाठून देणारी मुंबईची गाडी निघून जाणार होती.

शेवंताबाईला शंका सकाळीच आली होती. सासू जायची परवानगी देत म्हणाली, "भाऊ लेवाले उना शे, जाय आते," आणि ती लुगडी भरायला भावाच्या बॅगेकडे वळली. तुझ्या सामानासाठीच बॅग आणली, असं तो आल्या आल्या म्हणाला होता. उघडून पाहते तर आत बोटभर जागा नाही. पांढराशुभ्र गणवेश, त्याची चकचकीत बटणं, खाली बूट, जाडजूड पुस्तकं, बोटीचे कागद. बहिणीला न्यायला निघालेलं पोर आपलं सगळं बिऱ्हाड घेऊन आलं होतं. का आणलं, हे त्याला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. शेवंताबाईने बॅग गुपचूप बंद केली आणि लुगडी गाठोड्यात बांधली. भावाची तिला दया आली आणि आईचा राग. पण रागावून आईला बोलणार तरी काय?

"उचल बॅग," ती आता म्हणाली. "मुंबईची गाडी पलीकडून हाये."

"अन् तू? मुऱ्हाळी नाही, एकटीच आली, लोक काय म्हणतील? दर साली तुले आणाले कोण येईल?"

"मी काय म्हैस हाये, दावं धरून न्यायला? गाडी गार्डाच्या शिट्टीवर सुटते, भावाच्या नाही."

हिलाल हसला आणि हसता हसता त्याचे डोळे भरून आले. "अक्का, मले भेव वाटते. तिकडं आपलं कोणीच नाही."

"मले बी वाटलं होतं," शेवंताबाई म्हणाली. "वाजंत्री जोरात होती म्हणून कोणाले कळलं नाही."

ती त्याला जवळजवळ ओढतच पलीकडे घेऊन गेली. सासूने आईसाठी दिलेल्या सांजोऱ्यांचा डबा तिने त्याच्याच हातात कोंबला. गाडी आली, गर्दी झाली, हिलाल कसाबसा आत शिरला. गाडी हलल्यावर तो दारातून हात करत राहिला. शेवंताबाई फलाटावर उभी राहून चारचौघांत मोकळेपणी रडली. मग नाक पुसून पहूरच्या गाडीत जाऊन बसली.

तानुबाई ओट्यावर वाट पाहत उभी होती. आत पुरण शिजत होतं. लेकीला पाहून तिचा चेहरा फुलला, मग तिची नजर लेकीच्या मागच्या रिकाम्या वाटेवर गेली.

"हिलाल कुठी हाये?"

"मुंबईच्या गाडीत बसवला मी त्याले."

तानुबाईने ओट्यावरच बसकण मारली. "पोराले पाण्यात ढकललं तू! आता सालभर त्याचं तोंड दिसणार नाही मले. सालभर! मायनं जगावं कसं व?"

शेवंताबाईने गाठोडं खाली ठेवलं. ती आईला लागून बसली आणि पदराने तिचे डोळे पुसू लागली.

"अन् माह्यं तोंड तू सालातून किती येळा पाह्यते, माय?"