ओ

धुक्यातून हाक आली आणि बाबांनी तिकडे पाठ फिरवली.

हाक त्यांनाच होती. अल-मीनाच्या बंदरात बापाला थोरल्या लेकाच्या नावाने ओळखतात. आधी 'अबू' म्हणजे बाप, पुढे लेकाचं नाव. थोरली रनीम जन्मली तेव्हा सगळ्यांनी तिला मुलगा समजून एक नाव ठेवलं आणि त्याच दिवशी बापाचंही नवं बारसं झालं. मोठी झाल्यावर तिने ते नाव टाकलं. बाबांना चिकटलं ते मात्र तसंच राहिलं. इथे ते लिहायचं कारण नाही. तिचं ते कधी नव्हतंच.

ती काल बैरूतहून आली होती, आईच्या माघारी पहिल्यांदाच. पहाटे बाबा म्हणाले, "बाबा, ऊठ. जाळं काढायला जाऊ." इकडे बाप लाडात येऊन लेकराला स्वतःचीच पदवी बहाल करतो, मुलगा असो की मुलगी, म्हणायचं 'बाबा'. एरवी तिला ते गोड वाटलं असतं. पण कालपासून त्यांच्या तोंडून 'रनीम' एकदाही निघालं नव्हतं. बाबा, जेव. बाबा, दोरी धर. पळवाट झकास होती.

फोनवर तिने एकदा समजावलं होतं, "मी मुलाची मुलगी झाले नाही, बाबा. मी मुलगीच होते. तुम्हाला सांगायला उशीर केला, एवढंच." पलीकडून बराच वेळ नुसती लाटांची गाज ऐकू आली होती.

आता लाटही नव्हती. पाणी कुठे संपतं आणि धुकं कुठे सुरू होतं, कळत नव्हतं. बोट दुधात टाकलेल्या खारकेसारखी जागच्या जागी डुलत होती. तिळाच्या पावाचा तुकडा हातात तसाच धरून रनीम पेंगत होती. डोळे मिटले की ती पाच वर्षांची व्हायची, आईची ओढणी डोक्यावर घेऊन याच बोटीत नाचायची. डोळे उघडले की बाबांची पाठ.

आणि हाका. न दिसणाऱ्या बोटींतून एकामागून एक येणाऱ्या. प्रत्येक हाकेत तिचं ते जुनं नाव पाण्यावरून तरंगत यायचं. बाबा कुणालाच ओ देत नव्हते. ज्या माणसाची थट्टा ऐकल्याशिवाय बंदराला सकाळ झाल्यासारखी वाटत नसे, तो आज तोंड लपवत होता. माझी लाज वाटते यांना, तिला वाटलं. फार दुखलं. किनारा लागला की पहिली बस धरायची आणि पुन्हा इकडे फिरकायचं नाही, असं तिने ठरवून टाकलं.

धुकं फाटलं आणि बाबांच्या जुन्या सोबत्याची, अबू फिरासची, बोट अगदी जवळ आली.

"अरे, केव्हाचा बोंबलतोय मी! कान बायकोच्या कबरीत पुरून आलास काय?"

"कान जागेवर आहेत."

"मग ओ का देत नाहीस?"

बाबांच्या हातातून जाळं सुटलं. "तू ज्याला हाका मारतोयस, तो या बोटीत नाही. मला थोरली मुलगी आहे. ही बघ, रनीम."

अबू फिरासने रनीमकडे पाहिलं. कितीतरी वेळ पाहिलं. वल्ह्यावरून पाणी ठिबकत राहिलं. मग त्याने बोट वळवली आणि धुक्याने त्याला गिळलं.

रनीमने सुटलेलं जाळं पकडलं. "बाबा, उद्या सगळ्या बंदरात होईल."

"होऊ दे. आता मला नवं नाव तर लागणारच ना, बाबा."

दोघांनी मिळून जाळं ओढायला घेतलं. मग दूरवरून, चाचरत, घास नवा असल्यासारखी अबू फिरासची हाक आली, "अबू... अबू रनीम! मासळी लागली का?"

बाबा डुलत्या बोटीत उभे राहिले, तोंडाशी दोन्ही हात धरले आणि सगळ्या समुद्राला ऐकू जाईल अशी ओ दिली.