विद्युतवीरची मिशी

उल्हासनगर कॅम्प दोनमध्ये मुकेशशेठच्या कारखान्यात कॉमिकमधल्या 'विद्युतवीर'चे प्लास्टिकचे बाहुले बनायचे आणि त्यांचे चेहरे शीला रंगवायची. २००६ची दिवाळी तोंडावर आली आणि कॉमिकवाल्या कंपनीने विद्युतवीरचं लायसन्स दुसऱ्याच खेळणीवाल्याला देऊन टाकलं. इकडे तयार माल छतापर्यंत रचलेला.

"भाभी, लायसन्स गया अपना! चेहरा बदलो, कुछ भी करो!" शेठ रडकुंडीला आले.

शीलाने एकेका वीराला झुपकेदार, टोकं वर वळलेली मिशी काढली. नमुना घरचाच होता. तिचा नवरा सुदाम रोज आरशासमोर उभा राहून जिला पीळ द्यायचा, तीच ही मिशी. 'मुच्छड पैलवान' म्हणून माल असा उठला, की शेठनी आणखी बनवायला घेतला.

उन्हाळ्यात त्या दुसऱ्या खेळणीवाल्याचा माणूस कारखान्यात येऊन धडकला. त्याच्या हातात नवा विद्युतवीर, आणि त्याला अगदी तश्शीच मिशी! पोरं मिशीवालाच मागतात म्हटल्यावर कंपनीने कॉमिकमध्येसुद्धा त्याला मिशी देऊन टाकली होती.

"ही मिशी आता आमची," तो बोटं नाचवत म्हणाला. "यापुढे कुठेही दिसली तर सरळ केस टाकणार."

संध्याकाळी शीला बदलापूरला घरी पोचली, तर सुदाम आरशासमोरच उभा, मिशीला पीळ देत.



तिने त्याच्या हातात वस्तरा ठेवला. "अहो, उतरवा ती. लायसन्स गेलं आपलं."