नाकावरचा हात

कळायला लागल्यापासून ती हसली की तिचा उजवा हात आपोआप नाकावर जायचा. नाक वडिलांवर गेलेलं, पोपटाच्या चोचीसारखं, आणि भावंडांनी त्यावरून चिडवून चिडवून तिला नको नको केलं होतं. पुढे लेकीनेही तेच नाक उचललं. शेवटी मनाचा हिय्या करून तिने ऑपरेशन करून घेतलं. नाक सरळ झालं, पण हात काही ऐकेना.

"वहिनी, अहो आता कुणापासून लपवताय?" नणंद म्हणायची. "झाकूनच ठेवायचं होतं, तर एवढी चिरफाड कशाला करून घेतलीत?"

त्यावरही ती हसायची, नाकावर हात ठेवूनच.

मग ती रोज आरशासमोर बसू लागली. दोन्ही हात मांडीखाली दाबायचे आणि मोठ्याने हसायचं. सहा वर्षांची लेक शेजारी बसून टकामका बघायची.

"आई, हात का दाबतेस गं?"

"आता नाक छान झालंय ना माझं. आता झाकायचं नाही."

नणंदेच्या आग्रहाने सगळं घर स्टुडिओत फोटोला उभं राहिलं. फोटोग्राफरने काहीतरी गंमत केली, सगळे खळखळून हसले, आणि तिचे हात खालीच राहिले. तिचं तिलाच खरं वाटेना.

"छान. आता छोट्या बाईसाहेब, तुम्हीपण हात खाली घ्या बघू," फोटोग्राफर म्हणाला.



"माझं ऑपरेशन अजून व्हायचंय," नाकावरचा हात न काढता लेक म्हणाली.