सहा बाय साडेचार

"लावतोस पैज?" श्यामकांतने विचारलं. "हे स्वयंपाकघर नाही श्रीधर, हे कपाट आहे कपाट! तुझ्या सामानाच्या खोलीतलं सगळं इथे मावलं, तर मी परात वाजवत अख्ख्या गल्लीत ओरडत फिरेन."

"काय ओरडाल?"

"तू सांगशील ते."

श्रीधर एस्प्लनेडच्या एका कचेरीत नकाशे काढायचा. इंचाला इंच जुळवणं हा त्याचा धंदा. 'मावणार नाही' म्हटलं की त्याला मिरच्या झोंबायच्या.

"मग ओरडा, श्रीधरच्या घरात जागाच जागा! तीनदा. आणि बंगालीतून, गल्लीतल्या सगळ्या बंगाल्यांना कळायला हवं. उद्या संध्याकाळी पाचला."

"ठरलं." श्यामकांतने टाळी दिली.

दारात श्रीधरची बायको कालिंदी उभी होती. तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. तिची आई बराकपूरला भाच्याकडे राहायची. भाच्याची बदली झाली होती आणि सोमवारी क्वार्टर सोडायचं होतं. आईला इथे आणू या, असं कालिंदी महिनाभर म्हणत होती. श्रीधर महिनाभर एकच म्हणत होता, "अगं, पण जागा कुठाय?" सासू जावयाच्या घरी राहिली तर लोक काय म्हणतील, हे तो बोलत नव्हता. आणि आता या दोघांना पैजा सुचतायत!

"भाऊ, तुम्हीसुद्धा?" ती श्यामकांतला म्हणाली. वरच्या मजल्यावरच्या या पन्नाशीच्या गृहस्थाने डोकं खाजवलं आणि जिना चढून गेला.

रविवारी सकाळी श्रीधर कानावर पेन्सिल लावून कामाला भिडला. श्यामकांतची बायको प्रेमलता पंच म्हणून स्टुलावर बसली.

"आणि भाऊ कुठायत?" कालिंदीने विचारलं.

"सातलाच बाजारात गेलेत. पिशवी घरी विसरून."

पातेल्यात पातेलं गेलं, त्यात तपेली, तपेलीत वाट्या. रोजचे डबे पुढे, सणासुदीचे मागे. दारावर फळी ठोकली, तिच्यावर लोणच्याच्या बरण्या चढल्या. पाट खिळ्यांना लटकले. छताच्या हुकाला शिंकं, शिंक्यात कांदे-बटाटे. कोळशाच्या पोत्याला खेटून तांदळाचं पिंप. कालिंदी डबे हातात द्यायची, मध्येच खिडकीशी जायची, परत यायची. तिकडे आई ट्रंक भरत असेल. भरून जाणार कुठे?

तीन वाजता रिकाम्या खोलीत श्रीधरची पट्टी फिरली.

"सहा बाय साडेचार! बघा वहिनी. एक खाट टाकली तरी चालायला दीड फूट उरतं!"

कालिंदी जागच्या जागी थांबली. एकदा खोलीकडे, एकदा नवऱ्याकडे तिने बघितलं. मग पदर खोचून ती झरझर कामाला लागली.

शेवटी एक पापडाचा डबा उरला. कुठेच मावेना. श्रीधर घामाघूम. पावणेपाच.

"हरलास बरं का," प्रेमलता म्हणाली.

"काही हरत नाहीत!" कालिंदी ओरडली. तिने कोपऱ्यातल्या पितळी हंड्याचं झाकण काढलं, डबा आत सोडला, झाकण लावलं. "घ्या. मावलं!"

बरोबर पाचला खाली परात वाजली. श्रीधर विजयी वीरासारखा गॅलरीत आला. गल्लीतल्या खिडक्या पटापट उघडल्या. ओट्यावर पत्ते खेळणारे बाबू पानं घेऊन उठले.

"श्रीधरबाबूर घोरे अनेक जायगा!" श्यामकांत बेंबीच्या देठापासून ओरडला.

हशा पिकला. श्रीधर टाळ्या वाजवत म्हणाला, "आणखी मोठ्यांदा!"

"श्रीधरबाबूर घोरे अनेक जायगा!"

तिसऱ्यांदा तर गल्लीतली पोरंही त्याच्यासोबत ओरडली. मग श्यामकांत परात काखेत मारून बाजूला झाला. त्याच्या मागे हातरिक्षा उभी होती. रिक्षात कालिंदीची आई, पायाशी ट्रंक.

श्रीधरच्या टाळ्या हवेतच राहिल्या. कालिंदी दोन-दोन पायऱ्या गाळत जिना उतरत होती. सगळी गल्ली मान वर करून श्रीधरकडे बघत होती.

"श्रीधरपंत, हरलो बुवा मी," श्यामकांतने खालून हाक दिली. "आता खाली या. ट्रंक जड आहे."